जुन्या चाकराचा वांटा

मनन करावयाचा शास्त्रभाग : अनुवाद १५:१२-१८



अनुवादाच्या पंधराव्या अध्यायांत मोशे इस्राएल लोकांस एक नियम सांगतो. तो राजांसाठीं नाहीं, याजकांसाठींहि नाहीं. ज्याच्या घरीं एखादा चाकर आहे अशा साध्या गृहस्थासाठीं तो आहे. इब्री दासानें सहा वर्षें चाकरी केली म्हणजे सातव्या वर्षीं त्याला मोकळें करावें, एवढें सांगून मोशे थांबत नाहीं. जातांना त्याचे हात रिकामे असूं नयेत. कळपांतून, खळ्यांतून व द्राक्षकुंडांतून त्याला सढळपणें द्यावें, आणि परमेश्वरानें धन्याची जशी भरभराट केली असेल त्या मानानें द्यावें, असें तो बजावून सांगतो. ज्यानें आपल्या घरीं वर्षानुवर्षें काम केलें त्याचें आपण काय देणें लागतों, हा प्रश्न येथें उघड मांडला आहे, आणि त्याचें उत्तरहि दिलें आहे.

हा प्रश्न आज आपल्या दारांत उभा आहे. भोर तालुक्यांतील शिवरे हें गांव पुणें-सातारा महामार्गावर आहे. एके काळीं ह्या मावळ भागांतील तरुण पोटासाठीं मुंबईची वाट धरीत. आतां महामार्गाच्या कडेनें कारखाने, गोदामें व हॉटेलें उभीं राहिलीं आहेत, आणि काम गांवाजवळ आलें आहे. ह्याबद्दल देवाचे आभार मानावे. परंतु पाळीच्या गाडीची वाट पाहत जे लोक रस्त्यावर उभे असतात, त्यांच्याकडे एकदां नीट पाहावें. त्यांत विशींतला पोरगा असतो, तसा पन्नाशीस टेकलेला गृहस्थहि असतो. पोरगा काल-परवां कामास लागलेला. गृहस्थास एकाच यंत्रापाशीं उभें राहून पंधरा वर्षें झालेलीं. कंत्राटी कामांत ह्या दोघांच्या पदरीं महिनाअखेर पडणारी रक्कम पुष्कळदां सारखीच असते. मग त्या पंधरा वर्षांचें काय झालें? तीं कोणाच्या वहींत लिहिलीं आहेत?

पहिली गोष्ट ही कीं, जुन्या चाकरास जें द्यावयाचें तें दान नव्हे; तो त्याचा वांटा आहे.

मोशेनें कळप, खळें आणि द्राक्षकुंड ह्या तीन जागा नांवानिशीं सांगितल्या आहेत. कळप वाढला, कारण थंडीच्या रात्रीं हा चाकर मेंढरांजवळ जागला. खळें भरलें, कारण नांगरटीपासून मळणीपर्यंत त्याचा घाम त्यांत पडला. कुंडांत रस आला, कारण त्यानें वेली छाटल्या व घड वाहिले. त्याची रोजची भाकर त्याला रोज मिळाली हें खरें. परंतु त्याच्या श्रमाचा सर्वच भाग त्या त्या दिवशीं खाऊन संपला नाहीं. कांहीं भाग धन्याच्या घरीं राहिला आणि वाढत गेला. सहा वर्षांच्या शेवटीं जें द्यावयाचें तें ह्या राहिलेल्या भागांतून. म्हणूनच, जेथें चाकराचे हात राबले त्याच जागांकडे मोशे बोट दाखवितो.

आपल्याकडील शेतकऱ्यास हें फोडून सांगावें लागत नाहीं. पाडव्यास ठेवलेला सालगडी पुढल्या पाडव्यास टिकला, आणि त्याच्या पुढल्याहि पाडव्यास टिकला, तर शेताचें काय भलें होतें हें तो जाणतो. कोणत्या वावरांत पाणी तुंबतें, कोणता बैल कोणत्या बाजूस चालतो, कोणत्या बांधावरून शेजाऱ्याशीं तंटा होतो, हें नव्या माणसास शिकवावें लागतें. जुन्या माणसास विचारावें लागतें. कारखान्यांतहि तसेंच आहे. यंत्राचा आवाज जरा बदलला कीं मोडतोड होण्यापूर्वींच जुना कामगार हात आंखडतो व यंत्र थांबवितो. ही समज कोणत्याहि वहींत लिहून ठेवितां येत नाहीं. मोशे म्हणतो कीं, असा चाकर रोजंदारीच्या माणसाच्या दुप्पट कामास आलेला आहे. म्हणून त्याला देतांना धन्यानें मन जड करूं नये.

आणखी एक कारण मोशे देतो, तें सर्वांत मोठें आहे. तुम्हीहि मिसर देशांत दास होतां, ह्याची तो आठवण देतो. इस्राएल लोक मिसरांतून निघाले तेव्हां ते रिकाम्या हातांनीं निघणार नाहींत अशी तजवीज देवानें स्वतः केली होती. ज्याला देवानें भरल्या हातांनीं बाहेर आणिलें, त्यानें आपल्या चाकरास रिकाम्या हातांनीं बाहेर घालवावें हें त्याला शोभत नाहीं.

आपल्या देशाच्या कायद्यानेंहि, पुष्कळ उशिरां कां होईना, हें तत्त्व मान्य केलें. १९७२ सालीं ग्रॅच्युइटीचा कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसें कामास असलेल्या ठिकाणीं ज्यानें पांच वर्षें सलग नोकरी केली, त्याला नोकरी सोडतांना दर वर्षामागें पंधरा दिवसांचा पगार द्यावा, असा त्याचा सारांश. महिना सव्वीस दिवसांचा धरतात. म्हणजे हिशेबास धरावयाचा शेवटचा मासिक पगार १५,६०० रुपये असेल, तर एका दिवसाचे ६०० रुपये, पंधरा दिवसांचे ९,००० रुपये, आणि वीस वर्षांच्या चाकरीचे १,८०,००० रुपये होतात. कामगार मरण पावला किंवा अपंग झाला तर पांच वर्षांची अटहि राहत नाहीं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ह्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनें घेतली आहे. वर्षामागें पंधरा दिवस हें मान तिनेंहि ठेविलें आहे, आणि ठराविक मुदतीच्या करारानें नेमलेल्या कामगारास एका वर्षाच्या नोकरीनंतर हा हक्क दिला आहे. तसेंच, कामगार कमी करण्याची वेळ आली तर जो शेवटीं आला त्यानें आधीं जावें, हा नियम आपल्या औद्योगिक कायद्यांत १९५३ पासून चालत आला आहे. मोशेच्या खळ्यावर जें बी पडलें त्याचेंच हें कणीस आहे असें कोणी म्हटलें, तर तें वावगें होणार नाहीं.

दुसरी गोष्ट ही कीं, वर्षांची चोरी ही मजुरीचीच चोरी आहे.

याकोबानें आपला मामा लाबान ह्याच्या घरीं वीस वर्षें चाकरी केली. चौदा वर्षें त्याच्या दोन मुलींसाठीं आणि सहा वर्षें त्याच्या कळपासाठीं. दिवसा उन्हानें व रात्रीं गारठ्यानें तो झिजला. झोंप त्याच्या डोळ्यांवरून उडाली. जें मेंढरूं श्वापदानें फाडलें त्याची भरपाईहि त्यालाच करावी लागली. आणि लाबानानें काय केलें? त्यानें मजुरी देणार नाहीं असें कधीं म्हटलें नाहीं. तो त्याहून हुशार होता. त्यानें दहा वेळां मजुरीचा ठरावच बदलला. देव आपल्या बाजूस नसता तर मामानें आपल्याला रिकाम्याच हातांनीं लाविलें असतें, असें शेवटीं याकोब त्याच्या तोंडावर बोलून दाखवितो.

लाबानाची ही युक्ति जुनी झाली आहे, परंतु मेली नाहीं. आठवड्यास सहा दिवस चालणाऱ्या कारखान्यांत वर्षाकांठीं २४० दिवस काम भरलें म्हणजे तें वर्ष सलग नोकरीचें धरतात. म्हणून कोठें कोठें २४० दिवस भरत आले कीं माणसास कांहीं दिवस घरीं बसवितात. कामगार त्यास 'ब्रेक' म्हणतात. कोठें कंत्राटदार बदलतो; फाटक तेंच, यंत्र तेंच, माणूस तोच, परंतु ओळखपत्रावरचें नांव नवें आणि नोकरीचें वर्ष पुन्हां पहिलें. पंधरा वर्षें राबलेला मनुष्य कागदावर सदा काल लागलेलाच राहतो. सर्वच धनी असें करितात असें नव्हे. जुन्या माणसांस मानानें वागविणारे व त्यांचा पै-पैचा हिशेब चुकता करणारे धनी आहेत, आणि त्यांच्यासाठीं आपण प्रार्थना करावी. परंतु जेथें ही युक्ति चालते तेथें तिला तिच्या खऱ्या नांवानें ओळखावें.

आपल्या वाडवडिलांनीं मुंबईच्या गिरण्यांत हेंच दुःख 'बदली' ह्या शब्दांत सोसलें. बदली कामगार रोज सकाळीं फाटकाशीं उभा राही. कायमचा माणूस आला नाहीं तर त्याला काम, नाहीं तर तो परत खोलीवर. असें करितां करितां कित्येकांचे केस पांढरे झाले, तरी ते बदलीच राहिले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणीसंपांत सुमारें अडीच लक्ष कामगार उतरले. पगारवाढीबरोबर बदली कामगारांस कायम करावें अशीहि त्यांची मागणी होती. त्या संपाच्या बऱ्यावाईटाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. परंतु अनेक गिरण्या त्यानंतर नीट उभ्या राहिल्याच नाहींत, आणि हजारों माणसें गांवीं परतलीं. ज्यांनीं आपलें तारुण्य मागाच्या खडखडाटांत घातलें त्यांस उतारवयांत पुन्हां पहिल्या पायरीवर उभें राहावें लागलें. हें ज्या घरांनीं पाहिलें आहे, त्या घरांतील मुलें-नातवंडें आज महामार्गावरच्या कारखान्यांत आहेत.

कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेविलेली मजुरी ओरडते व ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानीं जाते, असें याकोबाच्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत शिकविलें आहे. चोरलेलें वर्ष पगारपत्रकावर दिसत नाहीं. म्हणून तें ओरडत नाहीं असें कोणी समजूं नये.

तिसरी गोष्ट सांगण्यापूर्वीं दोन शंकांचें उत्तर दिलें पाहिजे.

कोणी म्हणेल, "प्रभु येशूनें द्राक्षमळ्याच्या दृष्टांतांत पहांटे आलेल्यास व दिवस मावळतां आलेल्यास सारखीच मजुरी दिली. मग अधिक वर्षांस अधिक कां?" शंका खरी आहे आणि तिला टाळूं नये. तो दृष्टांत मुख्यतः स्वर्गाच्या राज्यांतील कृपेविषयीं आहे. परंतु त्यांतील धन्याची वागणूकहि पाहण्याजोगी आहे. पहिल्यानें आलेल्यांस जें ठरलें होतें तें सर्व त्यानें दिलें. त्यांतील एक कवडीहि कापली नाहीं. शेवटीं आलेले लोक आळसानें नव्हे, तर कोणीं कामास लाविलें नाहीं म्हणून बाजारांत उभे होते; आणि संध्याकाळीं त्यांच्याहि घरीं चूल पेटावयाची होती. म्हणून धन्यानें शेवटल्यास वर उचललें. त्यानें पहिल्यास खालीं ओढलें नाहीं. जो कारखाना नव्या मजुरास पोटापुरतें देतो तो द्राक्षमळ्याच्या धन्यासारखा वागतो. परंतु जो पंधरा वर्षांच्या माणसास नव्याच्या पायरीवर आणून "पाहा, सर्व सारखे" म्हणतो, तो ह्या दृष्टांताचा आधार घेऊं शकत नाहीं. शिवाय तो दृष्टांत एका दिवसाच्या मजुरीचा आहे, आणि मोशेचा नियम सहा वर्षांच्या चाकरीचा आहे. भाकर सर्वांस गरजेप्रमाणें मिळावी. वर्षांचा वांटा ज्यानें वर्षें दिलीं त्याला मिळावा. ह्या दोन गोष्टी एकमेकींशीं भांडत नाहींत.

दुसरा म्हणेल, "केवळ जुना झाला म्हणून आळशी मनुष्यास बढती द्यावी काय? हुशार तरुणानें मागें राहावें काय?" नाहीं. ईयोबाच्या पुस्तकांत तरुण अलीहू वडील माणसांचें बोलणें संपेपर्यंत आदरानें थांबतो. परंतु ते निरुत्तर झाले तेव्हां वयाबरोबर शहाणपण येतेंच असें नाहीं असें तो स्पष्ट म्हणतो, आणि शास्त्र त्याला दोष देत नाहीं. दावीद आपल्या भावांत धाकटा होता. तेव्हां वांटा आणि अधिकार ह्यांत भेद केला पाहिजे. अधिकार योग्यतेस द्यावा, मग ती विशींत असो वा पन्नाशींत. वर्षांचा वांटा मात्र वर्षांस द्यावा. आणि जो मुकादम होण्यास लायक ठरला नाहीं त्यालाहि तो द्यावा, कारण तो मुकादमकीचा मोबदला नसून झिजलेल्या हाडांचा आहे.

आतां तिसरी गोष्ट. ज्याला वडीलपणाचा मान हवा त्यानें वडीलपणाचें कामहि केलें पाहिजे.

गणनेच्या आठव्या अध्यायांत लेवी लोकांविषयीं एक सुंदर नियम आहे. पंचविसाव्या वर्षीं त्यांनीं दर्शनमंडपाच्या सेवेस लागावें आणि पन्नासाव्या वर्षीं जड कामांतून मोकळें व्हावें. परंतु मोकळें होणें म्हणजे फेंकून दिलें जाणें नव्हे. त्यांनीं तेथेंच आपल्या बांधवांस हातभार लावावा व राखण करावी असें सांगितलें आहे. ओझें खांद्यावरून उतरलें, परंतु जागा गेली नाहीं. ज्याच्या पाठीनें पंचवीस वर्षें भार वाहिला त्याच्या डोळ्यांस व अनुभवास देवाच्या घरांत काम होतें.

जुन्या कामगारांनो, हा तुमचाहि धडा आहे. आपली जागा टिकावी म्हणून कित्येक जण हातांतील कसब लपवितात. नव्या पोरास चुकूं देतात आणि मग हंसतात. असें करूं नका. द्राक्षमळ्यांतील पहिल्या मजुरांची मजुरी कमी नव्हती, त्यांची दृष्टि वाईट होती. तुमच्या हाताखालीं जो पोरगा आला आहे तो कोणाचा तरी मुलगा आहे. यंत्रांत बोटें कशीं सांभाळावीं हें त्याला तुम्ही नाहीं सांगितलें तर कोण सांगणार? आणि तरुणांनो, म्हाताऱ्याचा हात सावकाश चालतो म्हणून त्याची थट्टा करूं नका. तुमच्या वेळेस जो दर मिळतो, जी सुटी मिळते, जें कुलूपबंद दार उघडें आहे, तें कोणीं तरी मागून, झगडून व वाट पाहून मिळविलें आहे. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या गिरणीकामगारांच्या वतीनें आठवड्याच्या सुटीची मागणी मांडली. ती पदरांत पडण्यास १८९० साल उजाडावें लागलें. आज रविवारीं विसावा घेणाऱ्यानें हें विसरूं नये.

शेवटीं आपल्या स्वतःच्या घराकडे वळूं या. मोठ्या कारखान्याच्या धन्यास बोल लावणें सोपें आहे. कायदा तेथें निदान फाटकापर्यंत तरी पोंचतो. परंतु दहांपेक्षां कमी माणसें असलेल्या दुकानांत, लहान हॉटेलांत, आपल्या शेतांत व आपल्या स्वयंपाकघरांत ग्रॅच्युइटीचा हा नियम सहसा पोंचत नाहीं. तेथें धन्यापाशीं शास्त्र आहे आणि सद्सद्विवेकबुद्धि आहे. दुसरें कोणी नाहीं. मोशे ज्याच्याशीं बोलत होता तो गृहस्थ कारखानदार नव्हता. एक कळप, एक खळें आणि एक द्राक्षकुंड एवढाच त्याचा पसारा होता. तो आपल्यापैकींच होता.

म्हणून चार साध्या गोष्टी कराव्या. ज्या दिवशीं माणूस कामास लागला तो दिवस वहींत लिहून ठेवावा, आणि त्याची नक्कल त्यालाहि द्यावी. प्रत्येक वर्ष संपतांच त्याच्या नांवानें पंधरा दिवसांचा पगार वेगळा काढावा. वीस वर्षांचें देणें एका दिवसांत जड वाटतें, एका वर्षाचें वाटत नाहीं. दरसाल थोडीतरी पगारवाढ द्यावी, म्हणजे त्याचें वर्ष मोजलें गेलें हें त्याला कळेल. आणि तो जाईल त्या दिवशीं चार माणसांसमक्ष, गोड शब्दानें, त्याचा वांटा त्याच्या हातीं द्यावा. कामगारांनींहि आपलीं ओळखपत्रें, पगाराच्या चिठ्ठ्या व भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक जपून ठेवावा. कंत्राटदार बदलला म्हणून जुनें कागद फेंकूं नयेत. ज्याला वाचतां येत नाहीं त्याचे कागद मंडळींतील शिकलेल्या तरुणानें वाचून लावून द्यावे. ही सेवा उपासनेहून वेगळी नाहीं.

आणि मंडळ्यांनींहि आपलें घर तपासावें. देवळाची झाडलोट करणारी बाई, घंटा वाजविणारा म्हातारा, शाळेचा शिपाई, वसतिगृहांत भाकरी थापणारी आत्या, हीं आपल्या मंडळीचीं किती वर्षांचीं चाकरमाणसें आहेत? त्यांचीं वर्षें कोणीं लिहून ठेविलीं आहेत काय? न्यायाचा आरंभ देवाच्या घरापासून होतो असें पेत्र शिकवितो. येत्या पंचांच्या सभेंत एवढा एकच प्रश्न काढावा, आणि वही उघडून त्याचें उत्तर द्यावें. सुताराच्या घरीं वाढलेल्या प्रभूस कष्टाचे हात ठाऊक आहेत. त्याच्या नांवानें जमणाऱ्या मंडळीच्या दारांतून कोणीहि चाकर रिकाम्या हातांनीं जाऊं नये.

हे प्रभो, आमच्या घरीं ज्यांचीं वर्षें खर्च झालीं त्यांचीं नांवें आम्हांस आठवूं दे, आणि त्यांचा वांटा देण्यास आमचे हात मोकळे कर. आमेन.